शेठाणीचं उटणं

औषधाच्या कडूपणाचं म्हणाल, तर माझे मेहुणे लोणावळ्यात वैद्यकी करायचे. काढा गाळून उरलेला अनंतमूळ-मंजिष्ठेचा चोथा ताई वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून उटणं बनवायची. नवीन मुळ्यांना मेहुणे हात लावू द्यायचे नाहीत. औषध तोंडाला फासायला नसतं, म्हणायचे. पण खंडाळ्याच्या एका शेठाणीला ते उटणं फार मानवलं. दर आठवड्याला तिचा गाडीवान दारात.

एकदा ताई त्याला म्हणाली, "उटणं संपलंय. सध्या कोणी आजारीच नाही, मग काढा नाही आणि चोथाही नाही."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओट्यावर येऊन बसला.

"काय होतंय?" मेहुण्यांनी विचारलं.

"मला कुटं काय होतंय? बाईसायब म्हनल्या, आजारी कुनी नसंल तर तूच काढा पिऊन ये. लय कडू असतो का वो?"