मूठ कोणाच्या वाट्यातून काढायची

महागावच्या पुढे एक खेडं हाये, तिथं माझा बाप एका शेतकऱ्याच्या घरी सालदार होता. राहायले गोठ्याच्या बाजूची खोली. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. मी सहा वर्षांची असताना माय गेली अन् बापानं मले पुसदच्या पोरीयच्या बोर्डिंगात आणून टाकलं. कोणी विचारलं तं तो सांगे, पोट्टीची वेणी घालता येत नाही मले, म्हणून आणली. बोर्डिंगात मी वाचणं शिकली, शिवण शिकली, गाणी तं इतकी पाठ झाली की आजही पुस्तक लागत नाही. सैपाक तेवढा शिकली नाही. कधीतरी एका पोरीचा फ्रॉक पेटला होता, तेव्हापासून पोरीयले चुलीजवळ जायची बंदी होती. म्हंजे पाहा, लग्न होऊन ह्यायच्या घरी आली तेव्हा मले उशीच्या खोळीवर फुलं काढता येत होती अन् भाकर येत नव्हती.

हे एसटीच्या डेपोत हेल्पर होते. घरी सासू नाही, नणंद नाही. माझी पयली भाकर ह्यायनं हातात घेतली, उलटून पाह्यली अन् म्हणे, एस्तेर, हा कोणत्या देशाचा नकाशा हाये व. हसले, पण खाल्ली. मी परसात जाऊन रडली.

चौथ्या दिवशी दयाबाई आल्या. दयाबाई म्हंजे आमच्या मंडळीतल्या, आमच्या चर्चातल्या, वडील बाई, विधवा, पांढरं लुगडं, हातात छत्री, उन्हाळा असो की हिवाळा. नवी नवरी आली की तिच्या घरी जायचं अन् शिकवायचं, हे त्यायचं काम. कोणी नेमलेलं नव्हतं. शास्त्रात सांगतलं हाये की वडील बायांनी तरण्या बायायले घर चालवणं शिकवावं, नवऱ्यावर अन् लेकरायवर माया करणं शिकवावं. सगळ्यायनं ते वाचलं होतं, दयाबाईनं ते काम म्हणून धरलं. आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली, माझ्या मागे बसल्या अन् माझ्या हातावर आपला हात ठेवून भाकर थापली. म्हणे, तव्यावर टाकली की पाणी फिरव अन् प्रभूची प्रार्थना मनात म्हणायले लाग, त्यात भाकरीची ओळ येते ना, आमची रोजची भाकर आज आम्हाले दे, तिथं उलटव, आमेन झालं की तव्यावरून काढून विस्तवावर टाक, फुगते का नाही पाहा. फुगली. काय सांगू तुम्हाले, तेव्हापासून माझ्या घरात घड्याळ लागलं नाही. अंडं उकडायले एका गाण्याची चार कडवी लागतात, डाळीले पुरी उपासना. आताच्या पोरी मोबाईल लावतात, तो कुकरसंगच वाजते. मी हसते, पण त्यायचंही बरोबर हाये.

दयाबाईनं मले मूठही शिकवली. आमच्यात अशी रीत हाये की परातीत पीठ घेतलं की पाणी घालायच्या आधी एक मूठ काढायची अन् बाजूच्या डब्ब्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. गुरुवारी बायायची सभा असते, तिथं आपापला डब्बा घेऊन जायचं, सगळ्यायचं पीठ एका पिंपात पडते, अन् मंडळीत ज्या म्हाताऱ्यायले कोणी नाही त्यायच्या घरी ते जाते. चांगली रीत हाये, आजही मी तेच म्हणते. पण दयाबाईचा त्यात एक नियम होता. म्हणे, एस्तेर, मूठ आपल्या वाट्यातून काढायची. नवरा राबून येते, लेकरू वाढत असते, त्यायच्या वाट्यातून काढली तं ती चोरी, आपल्या वाट्यातून काढली तं ते दान. मी ते घेतलं. इतकं घेतलं की तीन-चार वर्षांत दयाबाईनं सभेत माझा डब्बा सगळ्यायसमोर वर धरला. म्हणे, पाहा, बिनमायची पोरगी पाहा. त्या दिवशी मी घरी चालत गेली की उडत गेली, मले आठवत नाही.

पुढे बोर्डिंगातली सैपाकीणबाई गेली अन् तिच्या जागी मी लागली, आहे की नाही गंमत. ऐंशी पोरीयच्या दोन वेळच्या भाकरी, सव्वीस वर्षं. पीठ मी डोळ्यानं मोजत होती. कोणती पोरगी जेवली नाही ते ताटं घासायले आली की सांगत होती. दोन मुठीची एक भाकर, हे हाताले पाठ झालं. दयाबाई म्हातारपणानं गेल्या अन् त्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. नव्या नवऱ्या माझ्याकडे यायले लागल्या, किती आल्या ते मोजलं नाही. माझी लेकरं तीन, त्यातली दोन हायेत. हे जाऊन नऊ वर्षं झाली.

आता करुणाचं सांगते. करुणा म्हंजे आमच्या मंडळीतल्या आशिषची बायको. आशिष शाळेची व्हॅन चालवते. त्याची माय लग्नाआधीच गेलती, म्हणून पाळकीणबाई, आमच्या पाद्रीसाहेबाची बायको, मले म्हणे, मावशी, ही तुमच्याकडे. पोरगी बारावी शिकलेली, बोलायले कमी, सांगतलं ते दुसऱ्या दिवशी करून दाखवणार. मी तिच्या हातावर हात ठेवून भाकर शिकवली. प्रार्थनेचं शिकवलं. मूठ शिकवली, अन् दयाबाईचा नियम जसाच्या तसा शिकवला, चोरी अन् दान. दोन वर्षांनं तिले पोरगी झाली. बाळंतपण माहेरी झालं, तीन महिन्यानं परत आली अन् पयल्याच गुरुवारी तिचा डब्बा काठोकाठ. मी काय केलं सांगू? डब्बा वर धरला. म्हटलं, अंगावर लेकरू पिते, तरी पाहा. तिच्या शेजारची शीला बसली होती, तिचा डब्बा नेहमी अर्धा, तोंड मात्र भरलेलं. ती म्हणे, मावशी, आमच्या डब्ब्यायले भोकं हायेत, झाळून द्या. सगळ्या हसल्या. करुणा खाली पाहत होती, पण कानापर्यंत लाल झालती. तिच्या पुढच्या गुरुवारी डब्बा पुरला नाही, तिनं वरून एक थैली आणली.

बोर्डिंगची सैपाकीण मी. ऐंशी पोरीयचं पीठ डोळ्यानं मोजणारी. दोन माणसायच्या घरातून आठवड्याचं इतकं पीठ येते कुठून, हे मले कळायले पाह्यजे होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् घरी आली.

मंग लेकरू वाळायले लागलं. अंगणवाडीत वजन केलं, वाढलं नव्हतं. पुढच्या खेपेले पावशेर कमी झालं. तिथली ताई म्हणे, आईचं दूध पुरत नाही, डॉक्टरले दाखवा. डॉक्टरनं औषध दिलं, म्हणे पोटभर जेवत जा. आशिष माझ्याकडे आला, म्हणे, मावशी, पोरगी रात्रंदिवस रडून राह्यली, करुणाले तुम्हीच सांगा काहीतरी. मी हळिवाची खीर करून नेली, मेथीचे लाडू नेले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. काही फरक नाही. लेकराचं मनगट असं, माझ्या अंगठ्याएवढं. रडणंही कमी झालं. ज्यायनं लेकरं वाढवली त्यायले माहीत असते, रडणं कमी होणं चांगलं नसते.

एक दिवस शीला मले बाजारात भेटली. पिशवीत मुंगन्याच्या, म्हंजे शेवग्याच्या, शेंगा. म्हणे, मावशी, रागावू नका, पण तुम्ही तिच्या घरी नेहमी सकाळी जाता. एकदा बारा वाजता जा, आशिष जेवून गेल्यावर. मी म्हटलं, काहून, काय हाये बाराले? ती म्हणे, मी कायले सांगू, माझ्या डब्ब्याले भोक हाये, माझं कोण ऐकते. अन् गेली.

मी गेली. दार लोटलेलं. करुणा सैपाकघरात भांडी आवरून राह्यली होती, लेकरू टोपल्यात निजलेलं. मी म्हटलं, जेवली काय व? ती म्हणे, हो मावशी, आत्ताच. मी मोरीकडे पाह्यलं. ताट एकच. पातेल्यात पाणी घालून ठेवलेलं, वरण खरवडून काढलेलं. भाकरीची डालकी उघडली, रिकामी. मी म्हटलं, करुणा, मी सव्वीस वर्षं ताटं पाह्यली हायेत, खरं सांग, काय खाल्लं? तेव्हा तिनं सांगतलं, हिशेब सांगावा तसं, न रडता. पाच भाकरी होतात, तीन त्यायच्या, दोन माझ्या. पयले एक मूठ काढत होती, तं दीड राह्यची. तुम्ही डब्बा वर धरला, मंग तीन काढायले लागली. आता अर्धी राह्यते. लाडू त्यायच्या डब्ब्यात देते, ते गाडी चालवतात.

मी म्हटलं, अव, पीठ नाही काय घरात? तिच्या घरच्या पिठाच्या पिंपाचं झाकण काढलं तं पिंप अर्ध्याच्या वर भरलेलं. उपाशी राहायचं घरच नव्हतं ते. म्हटलं, जास्त पीठ भिजवायचं ना बाई, दोन भाकरी जास्त करायच्या. ती माझ्याकडे पाहायले लागली, जशी मी तिची परीक्षा घेऊन राह्यली. म्हणे, मावशी, पिंपातून वरचं घेतलं तं ते सगळ्यायच्या वाट्यातलं झालं ना. तुम्हीच तं सांगतलं, ती चोरी.

मी खालीच बसली. तुम्हाले सांगते, त्या फरशीवर बसल्या बसल्या मले माझी शांती आठवली. माझी दुसरी पोरगी, पाच महिन्यांची होऊन गेली. अशीच वाळली होती, अशीच निजून राहे. दयाबाईनं देवाची इच्छा म्हटलं, मी मानलं. अन् माझा डब्बा वर धरला होता ना दयाबाईनं, तो त्याच वर्षी. पंचेचाळीस वर्षं झाली असतील, ह्या दोन गोष्टी मी कधी एका जागी ठेवून पाह्यल्या नव्हत्या. त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. तेव्हा तापही होता गावात. पण मले आता माहीत नाही, अन् आता ते कोणाले विचारणार.

मंग मी उठली. फळीवरचा मुठीचा डब्बा काढला, परातीत उलटा केला. करुणा घाबरली, म्हणे, मावशी, ते देवाचं हाये. मी म्हटलं, हो, देवाचंच हाये, अन् ज्यायच्या घरी जेवण नाही त्यायच्यासाठी हाये, तुझ्या घरी एक बाई उपाशी हाये. चार भाकरी केल्या. तेल घातलं, तिखट घातलं, शेजारून शीलानं मुंगन्याचं वरण आणून दिलं, ती दारामागेच उभी असावी. करुणाले समोर बसवलं. दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी झाल्यावर ती रडायले लागली, मी म्हटलं, रड, पण चावत राहा.

त्या गुरुवारी मी सभेत उभी राह्यली. म्हटलं, मी तुम्हाले एक गोष्ट चुकीची शिकवली, अन् मले ती ज्यायनं शिकवली त्यायचीही चूकच होती. एक म्हातारी रागानं म्हणे, एस्तेर, मेलेल्या माणसाले नाव ठेवू नको, दयाबाईनं तुले भाकर शिकवली. मी म्हटलं, हो, अन् त्याच हातानं हेही शिकवलं. पाळकीणबाई नंतर बाजूले घेऊन म्हणे, मावशी, असं नाही बोलायचं, मूठ बंद पडल. पडली नाही. पण सभेचं पिंप पयल्यासारखं भरत नाही, हे खरं. पाळकीणबाई सलाम करतात, पण पयल्यासारख्या घरी येऊन बसत नाहीत. मुठीची घोषणा करायचं काम आता दुसऱ्या बाईकडे हाये. शीला म्हणे, मावशी, आपण दोघी आता भोकवाल्या.

दूध लगेच आलं नाही. वरचं दूधही द्यावं लागलं. दोन महिने मी रोज बाराले जात होती, करुणाच्या पुढ्यात बसत होती, ताट पुरं होईपर्यंत उठत नव्हती. लेकराचं वजन पयले थांबलं, मंग छटाक छटाक वाढलं. आता चौदा महिन्यांची हाये, तिच्या वयाच्या पोरीयपेक्षा बारकी, पण चालते, अन् हातातला भाकरीचा तुकडा कोणाले देत नाही. करुणा तिले म्हणते, आजीले दे. ती मूठ मिटून पाठीमागे करते. मी म्हणते, राहू दे व, बरोबर करून राह्यली ती.

नव्या नवऱ्या अजूनही येतात, कमी येतात. मी भाकर शिकवते, प्रार्थनेचं शिकवते, मुठीचंही शिकवते. एवढंच सांगते की मूठ घरच्या पिंपातून काढायची, सगळ्यायच्या वाट्यातून, अन् आपलं ताट झाल्यावर उरलं तं अजून काढायची. डब्बा पाहत नाही कोणाचा. दुपारी जाते, मोरीत ताटं किती ते पाहते.

करुणाच्या पोरीले देव मोठं आयुष्य देवो. तिच्या मायलेही देवो, तिनं मले शिव्या दिल्या असत्या तं चाललं असतं, दिल्या नाहीत. माझं काय, माझ्या भाकरीले आताशा एका बाजूनं काळा डाग राह्यते. लोक म्हणतात, मावशीची नजर गेली. नजर चांगली हाये माझी. प्रार्थना म्हणता म्हणता भाकरीच्या ओळीवर येते अन् तिथं मी थांबते, शांती आठवते, पुढचं लवकर तोंडात येत नाही, तोवर भाकर तव्यावरच राह्यते. बसा, तुमच्यासाठी टाकल्या हायेत. काळी बाजू खाली करून ठेवते. पोटभर जेवा, मंग लिहा.