नवऱ्याच्या नावावरचं माझं जेल

...आणि त्या जेलच्या पाकिटावर ठळक छापलेलं, फक्त पुरुषांसाठी! आता मी एकोणसाठ वर्षांची शिंपीण, दोन मुलींची आई, मी ते मांडीला चोळायचं? डॉक्टरीणबाईंचे उपकारच आहेत, नाही म्हणत नाही, पण वर असं छापलेलं असतं हे आधी सांगायचं तरी!

तुम्हाला सांगते, पाळी गेली तेव्हा त्यांनीच मला हार्मोन्स सुरू केली, अंगाची भट्टी विझली, झोप लागायला लागली, सगळं झालं, पण ती... इच्छा म्हणतात ना, ती कुठे तोंड लपवून बसली कोण जाणे. आमच्या ह्यांचा हात खांद्यावर पडला की मला आठवायचं, अगंबाई, दुकानाचं कुलूप ओढून बघायचं राहिलं! शेवटी ह्यांनी गादी उचलली आणि गेले बाहेरच्या खोलीत. भांडण नाही, तंटा नाही. एवढंच म्हणाले, "मला वाटतं, मी नकोसा झालोय तुला."

नकोसे कसे होतील?

डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन रडले. त्यांनी सगळं विचारलं, रक्त तपासलं, म्हणाल्या, बायकांच्या अंगातही टेस्टोस्टेरॉन असतं, वयाबरोबर उतरतं, थोडं देऊन बघू, गुण यायला तीन-चार महिने लागतील. बायकांचं वेगळं मिळत नाही, म्हणून पुरुषांचं एक पाकीट दहा दिवस पुरवायचं. म्हणजे पुरुषाला एका दिवसाला लागतं त्यात मी दहा दिवस भागवायचे... घरात इतकी वर्षं दुसरं काय केलं मी? उपकारच आहेत, नाही म्हणत नाही, पण हसावं की रडावं?

पाकीट आणायला गेले हे. औषधवाल्याचा आवाज चौकापर्यंत जाणारा! काका, लाजू नका, या वयात होतं असं, बरेच जण नेतात... मागे ही रांग, त्यात निम्म्या बायका माझं गिऱ्हाईक. 'बायकोसाठी आहे' म्हटलं असतं की सुटले असते. हे आपले मान डोलवत उभे! घरी आल्यावर मी विचारलं, का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुला रोज दुकानात बसायचंय. माझं काय, मी रिटायर माणूस."

अशा माणसाला काय म्हणावं? ह्यांचे उपकारच आहेत, नाही म्हणत नाही, पण त्याचं पुढे काय झालं ते ऐका.

चौथ्या महिन्यात गादी आत आली. मीच ओढून आणली! आता बाई सुखात आहे, शिवताना गुणगुणते, आणि दुकानात पडदे शिवायला टाकायला आलेली प्रत्येक बाई माझा हात हातात घेते, डोळ्यांत पाणी आणून विचारते, कसं हो सहन करता तुम्ही? खरं सांगायची सोय नाही, मान वर केली तर हसू फुटेल. मग मी मशीनमध्ये डोकं घालते आणि म्हणते, "चालायचंच... नशीब एकेकीचं."