अकरा वर्षांनंतरची पेनल्टी

(आफ्रिकेतलं तांब्याच्या खाणींचं शहर किटवे, वुसाकिलेची खाणवस्ती. डेन्मार्कमध्ये पंधरा वर्षं खेळून मुसोंडा परवाच कायमचा घरी आलाय. आई अंगणात मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटतेय.)

आई : थांब. शेजारचे बा चोला म्हणतात, ती पेनल्टी अडवताना तू डावीकडं झेपावलास. त्यांची बायको मुटाले म्हणते, उजवीकडं. तूच नीट सांग.

मुसोंडा : चार वर्षं झाली, आई! अख्ख्या वस्तीनं टीव्हीवर बघितलं, तरी वाद?

आई : पेनल्टी म्हटल्याबरोबर मी परसात पळाले. ओरडा ऐकून आत येते, तर सगळे एकमेकांच्या गळ्यात!

मुसोंडा : त्याआधीचं ठाऊक आहे ना?

आई : अकरा वर्षं बाकावर बसलास. तेवढं कळतं मला.

मुसोंडा : यास्पर पहिला गोलकीपर, मी राखीव. कोच म्हणायचा, "तू चांगला आहेस रे, पण यास्पर आजारीच पडत नाही."

आई : मेल्याला साधी सर्दीही होऊ नये?

मुसोंडा : आई! भला माणूस आहे तो.

आई : असेल. मी देवाकडं फक्त सर्दीच मागत होते. परत यायचंस की.

मुसोंडा : दोनदा बॅग भरली. पण बसल्या बसल्या एक नाद लागला होता. पेनल्टी मारणारा प्रत्येक जण वहीत टिपून ठेवायचो. किती पावलं पळतो, मान कुठं वळते. यास्परला मीच सांगायचो.

आई : म्हणजे अभ्यास तुझा, टाळ्या त्याला!

मुसोंडा : तसंच. मग हंगामातला शेवटचा सामना. जिंकलो तर कप, बरोबरी झाली तरी गेला. आम्ही एका गोलनं पुढं होतो, आणि यास्परचा खांदा निखळला.

आई : मी खांदा नव्हता हं मागितला.

मुसोंडा : मी आत गेलो, तर आमचेच लोक गप्प झाले. आणि दोन मिनिटं उरली असताना पेनल्टी. समोर त्यांचा कप्तान.

आई : तो होता वहीत?

मुसोंडा : दोन पानं! नेहमी उजव्या कोपऱ्यात मारायचा. पण त्या दिवशी मागं दोन पावलं कमीच गेला. असं त्यानं आधी एकदाच केलं होतं, सात वर्षांपूर्वी. तेव्हा सरळ मधोमध मारला होता.

आई : मग? डावीकडं की उजवीकडं?

मुसोंडा : कुठंच नाही. जागेवर उभा राहिलो. चेंडू थेट छातीवर आला.

आई : अकरा वर्षं बसलास, आणि ऐन वेळी नुसता उभा राहिलास?

मुसोंडा : हो ना! त्यानंतर चार वर्षं मी बाकाला पाठही टेकली नाही.

आई : हसवू नकोस, न्शिमा सांडेल माझा. आणि लोक? ते गप्प बसलेले?

मुसोंडा : ते तर वेडेच झाले. इतकी वर्षं मला "मूस" म्हणायचे. त्यांच्या भाषेत उंदीर.

आई : उंदीर? आणि हे तू मला आज सांगतोस?

मुसोंडा : त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. सोळा हजार माणसं एका सुरात पूर्ण नाव घेत होती. मु-सों-डा! मु-सों-डा!

आई : सोळा हजार?

मुसोंडा : सोळा हजार.

आई : माझ्या बाबांचं नाव आहे ते. खाणीत त्यांना नंबरानं हाक मारायचे.