मृण्मयीची मशीन हुंकार देती

...नाय, मी जळत नाय हां! पण तुम्हीच सांगा, सासू माझी, टँकरचं पाणी माझं, आणि कौतुक कुणाचं? समोरच्या फ्लॅटातल्या मृण्मयीचं!

अवो, दुष्काळाचं साल, आमच्या सातारा परिसरात बिल्डिंगा उठल्या धडाधड, नळ मात्र कोरडे ठाक, टँकर येईल तेव्हा येणार, आणि अशात आमच्या ह्यांनी आणली नवी वॉशिंग मशीन. बटणंच नाय! सपाट काच, नुसतं बोट टेकवायचं. आता सासूबाई, दगडाबाई, वैजापूरकडच्या, डोळ्यानं अंधुक दिसतं, पण रिकामं बसवंना. टेकवलं बोट. काहीच कळंना. पुन्हा टेकवलं, पुन्हा टेकवलं... मशीन बसली कपडे खंगाळत, आणि टाकी रिकामी! मी ओरडले. ओरडू नको तर काय आरती करू? बसल्या रुसून.

आणि गेल्या कुठं? मृण्मयीकडं! तिच्या मशीनची काच म्हणे बोट लावलं की बारीकशी थरथरते. आल्या हसतच, "सुरेखे, तिची मशीन हुंकार देती गं! 'ऐकलं, आजी' म्हणती. तुझी मुकी हाय." मुकी! मी जळत नाय हां, पण मुकी?

झालं, तेव्हापासनं आमचे कपडे तिच्या मशीनमधी, आमची चादर तिच्या दोरीवर! मग मीबी पेटले. काढल्या खड्यांच्या टिकल्या, चालूला मोठी, बंदला बारीक, दिल्या काचेवर चिकटवून. सासूबाईंनी बोट फिरवलं, थांबल्या... "अगं, लागतंय की हाताला!" आणि माझ्या गालावरनं हात फिरवला. लग्नापासनं पहिल्यांदा! खोटं कशाला बोलू, डोळे भरले माझे.

तेवढ्यात दारात कोण? मृण्मयी! "अय्या वहिनी, किती छान! माझी नुसती थरथरते हो, कुठल्या बटणावर बोट पडलं ते सांगतच नाही. काल आजींनी वाळवायच्या ऐवजी पुन्हा धुतले सगळे. मलाही लावून द्याल?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठल्या, "तिला काम हाय, मी देते की!" अन् गेल्या टिकल्यांचं पाकीट घेऊन.

दुपारी तिकडनंच हाक, "सुरेखे, माझं जेवण इकडंच दे गं!"

मी जळत नाय हां... दिलं. दोन ताटं दिली. मृण्मयीला म्हणे माझ्या हातचं पिठलं लई आवडतं.