आधी सांगून

धाकटी : वाच ना नीट, दादा. हसू नकोस.

दादा : हसत नाही गं, वाचतोय. "विद्यार्थिनींना रुग्णसेवेचे महत्त्व समजेल व त्यांच्यात सेवाभाव रुजेल." हे सगळं एका तासात?

धाकटी : पाठटाचणात उद्दिष्ट असंच लिहितात.

दादा : मग तुझ्या मोठ्या बाईंनी दोनदा लाल शेरा का मारला?

धाकटी : तेच तर कळत नाहीये! दोन्ही वेळा एकच, "उद्दिष्ट स्पष्ट नाही." उद्या त्या पुन्हा माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसणार. उद्याही जमलं नाही तर वर्ग काढून घेतील आणि मी परत नावनोंदणीच्या टेबलावर. मला नाही बसायचं तिथं. मला शिकवायचंय रे.

दादा : बरं, नाक पूस. मला सांग, तास संपल्यावर तुझ्या पोरी काय करतील?

धाकटी : काय करतील म्हणजे? त्यांना समजलेलं असेल.

दादा : आणि ते तुला दिसणार कुठून? उद्या मीही माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर लिहितो, "शिकणाऱ्याला ब्रेकचे महत्त्व समजेल," आणि देतो सोडून एकेकाला रस्त्यावर. बसशील त्या गाडीत?

धाकटी : तुझ्या गाडीत मी एरवीही बसत नाही.

दादा : विषय बदलू नकोस. उद्या शिकवणार काय?

धाकटी : अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं. सारखं उताणं पडून पाठीला जखमा होतात ना, म्हणून. मी फळ्यावर लिहून देते, त्या उतरवून घेतात. तोंडपाठ आहे सगळ्यांना.

दादा : मग मला वळव. हा बघ, आडवा झालो सोफ्यावर. मी पेशंट.

धाकटी : हात छातीवर... राहू दे, पेशंट आहेस, मीच घेते. हा पलीकडचा गुडघा वाकवायचा. खांदा धरायचा, कंबर धरायची, आणि...

दादा : अगं अगं अगं! पाडतेस की काय!

धाकटी : ओरडायला काय झालं? काही चुकलं नाही माझं.

दादा : नसेल चुकलं. पण माझ्या काळजात धस्स झालं त्याचं काय?

आई : (कोपऱ्यातल्या खाटेवरून) माझं कंबरेचं हाड मोडल्यापासून मला रोज तसंच होतं.

धाकटी : काय होतं, आई?

आई : धस्स. हात तुझा हलका आहे, दुखत नाही. पण मी आपली छताकडे बघत पडलेली असते आणि एकदम भिंतच येते समोर. माणसाला आधी सांगावं तरी. आणि हा तुझा दादा! रस्त्यावर कुत्र्यालासुद्धा हॉर्न देतो, मला देत नाही.

दादा : आई!

धाकटी : मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?

आई : विचारलंत कधी? घरात दोघं शिकवणारे. म्हटलं, यांना काय सांगायचं.

धाकटी : पोरींनाही मी कधी विचारलं नाही. त्या उतरवून घेतात, मी पुढे जाते. कुणाचं काय अडतंय, देव जाणे.

दादा : खोड तो सेवाभाव. नव्यानं लिही.

धाकटी : थांब. "तास संपताना प्रत्येक विद्यार्थिनी अंथरुणावरच्या माणसाला आधी सांगून, न घाबरवता, कुशीवर वळवून दाखवेल." दिसेल हे?

आई : मला तर दिसलं.

धाकटी : आता तुझी पाळी, दादा. ते तुझ्याकडे गाडी शिकणारे पोस्टातले निवृत्त काका, ज्यांच्या नावानं रोज घरी येऊन डोकं धरून बसतोस. त्यांचं काय अडतंय, विचारलंस?

दादा : त्यात काय विचारायचं? मी "थांबा, थांबा" म्हणून बोंबलतो आणि ते आपले निवांत पुढे. हट्टी माणूस आहे.

धाकटी : विचारून तर बघ.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याच खोलीत.)

दादा : काय झालं? अगं, दारात उभी राहून हसतेस काय? बोल ना!

धाकटी : वर्ग माझाच. दादा, आई, वर्ग माझाच राहिला!

आई : हुश्श! सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. बस आधी, पाणी पी.

धाकटी : गेल्या गेल्या वह्या मिटायला लावल्या आणि विचारलं, या कामात भीती कशाची वाटते? मागे मोठ्या बाई बसलेल्याच. मग ती कधीच तोंड न उघडणारी उंच मुलगी म्हणाली, "बाई, माणूस हातातून पडला तर?" झालं! सगळ्यांना तीच भीती. मी महिनाभर जखमांची कारणं लिहून देतेय, आणि यांना माणसाला हात लावायचीच धास्ती!

दादा : मग?

धाकटी : मग मीच खाटेवर आडवी झाले. पहिल्या दोघी सांगायला विसरल्या, तर तुझ्यासारखी किंचाळले. पुढच्या एकीचीही चूक झाली नाही. ती उंच मुलगी तर म्हणाली, "घाबरू नका हं, मी धरलंय." खरं सांगते, डोळे भरून आले माझे.

दादा : आणि मोठ्या बाई?

धाकटी : त्या उठल्या, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि खाटेवर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "कुणीतरी मला वळवा." वळवलं. उठून साडी नीट केली आणि म्हणाल्या, "आता स्पष्ट आहे." बास. रस्ताभर मी एकटीच हसत आले. तुझ्या काकांचं काय झालं?

दादा : विचारलं.

धाकटी : मग?

दादा : त्यांना एका कानानं ऐकूच येत नाही. मी बसतो त्याच बाजूच्या. लाजेपायी बोलले नाहीत.

धाकटी : म्हणजे महिनाभर तू...

दादा : बहिऱ्या कानात बोंबलत होतो. हस, हस. आज हाताची खूण ठरवली. खूण केल्याबरोबर त्यांनी अशी गाडी थांबवली म्हणतेस, पट्टा होता म्हणून वाचलो! पण बरं वाटलं गं. मला वाटायला लागलं होतं, आपल्याला शिकवताच येत नाही.

आई : शिकवणारे, इकडे बघा जरा. पाठ अवघडली माझी.

दादा : मी बघतो. तू बस गं, तुला आज पुष्कळ वळवलंय. आई, आता तुला खिडकीकडे वळवतोय हं. आधी खांदा धरतो, मग कंबर. चालेल?

आई : जरा थांब... हं. वळव आता.