बापूची वडाप जीप

खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी गाडी करण्यात अख्ख्या कोल्हापुरात माझा पहिला नंबर. दुसरं कुणी करतच न्हाय, म्हणून!

आमचा दोस्त बापू राधानगरीच्या रस्त्यावर वडापची जीप चालवायचा. गच्च भरल्याबिगर त्यानं कधी चावी फिरवली न्हाय. आतले पॅसेंजर शिव्या घालायचे, हा खाली तंबाखू मळत उभा. औंदा जीप भंगारात गेली आणि गडी चहाला यायचाच बंद झाला.

मग मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तीच जीप केली, तळहातावर मावंल एवढी. डावं दार तारेनं बांधलेलं, अगदी तसंच. आणि त्याला फोन लावला, "बापू, तुझी जीप घावली! चहाच्या गाड्याजवळ लावलीया, पळ!"

बापू एकाच पायात चप्पल घालून आला. कपबशांच्या मधली जीप बघून आता आईबाप काढतोय, असं वाटलं. पण गडी त्या तारेवरनं नुसतं बोट फिरवत राहिला. डोळं भरलं की त्याचं! मीच घाबरलो. म्हटलं, "रडतोस काय लेका? चल, सोड मला राधानगरीला!"

बापूनं नाक पुसलं.

"बस की मागं. अजून दोन शिटा आल्या की निघतोयच."