पुन्हा न विचारलेली गोष्ट

मंडळी, एक प्रश्न विचारतो. शिवी न देता, हात न उगारता, घरातल्या माणसाला किती दुखवता येतं? माना खाली घालू नका. मीही तुमच्यातलाच आहे.

ऐका तर. द्रुपदाबाई कासार. आठवडी बाजारात चाळीस वर्षं बांगड्या भरल्या या बाईनं. आता वय सत्तर, कानानं कमी ऐकू येतं. एकुलता मुलगा निवृत्ती, लग्न झालेलं नाही, एसटीच्या चौकशी खिडकीत बसतो. खिडकीवर दिवसभर एकच – "कोल्हापूर गाडी लागली का?" समोर पाटी आहे, आत्ताच माईकवरून सांगितलंय, तरी विचारणारच. तुम्हीही विचारता की नाही? हसू नका, मीही विचारतो.

असा आठ तास बोलून घसा कोरडा झालेला माणूस घरी आला. आई म्हणाली, "जेवायला काय करू?"

"भात टाक."

"काय म्हणालास?"

"भात."

"काय रे?"

तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "आई, मला इरिटेट होतं."

हे मात्र तिला नेमकं ऐकू आलं. आपल्याला नको तेच बरोबर ऐकू येतं, महाराज. पण अर्थ कळेना. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या मुजुमदार बाईंकडे गेली. बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या.

"बाई, इर्टेट म्हणजे हो काय?"

बाई शिकवण्याच्या भरात, कोण कुणाला म्हणालं हे न विचारताच सांगू लागल्या, "इरिटेट म्हणजे चिडचिड होणं, द्रुपदाबाई."

"म्हणजे राग?"

"राग नाही. राग येतो आणि जातो. हे सारखं टोचत राहतं. चपलेत खडा असावा तसं."

द्रुपदाबाई "बरं" म्हणाल्या आणि घरी आल्या.

त्या दिवसापासून त्यांनी पुन्हा विचारणं बंद केलं. निवृत्ती काहीही बोलला की एकच उत्तर – "हो." त्याला वाटलं, आईचे कान सुधारले. घर कसं शांत झालं, मंडळी. पण प्रत्येक शांतता सुखाची असते का?

महिन्याभरानं डॉक्टरांनी तिची रक्तदाबाची गोळी बदलली. कामावर निघता निघता, चपला घालत, पाठमोराच निवृत्ती म्हणाला, "आई, जुनी गोळी बंद. आजपासून नुसती ही पांढरी घ्यायची."

आई म्हणाली, "हो."

ती दोन्ही घेऊ लागली. चौथ्या दिवशी मोरीपाशी चक्कर येऊन पडली. मुजुमदार बाईंनी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, एसटी स्टँडवर फोन केला. निवृत्ती खिडकी सोडून धावत आला.

डॉक्टर म्हणाले, "दाब फार खाली गेला होता. वेळेवर आणलंत. दोन्ही गोळ्या कशा काय घेतल्या?"

निवृत्ती आईजवळ वाकला. "मी सांगितलं होतं ना? तू हो म्हणालीस."

द्रुपदाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "ऐकू आलं नव्हतं रे."

"मग विचारायचं नाही का परत?"

"परत विचारलं असतं तर तुला ते झालं असतं. इर्टेट."

मुजुमदार बाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला; तो अर्थ त्यांनीच सांगितला होता. निवृत्ती खाटेच्या कडेला बसला. आईची मनगटं धरली. मग तोंड तिच्यासमोर आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "जुनी गोळी बंद. पांढरी घ्यायची."

"काय म्हणालास?"

त्यानं पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा नीट कळलं नाही. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "हां, पांढरी." आणि हे "हां" खरं होतं.

पुढे कानाचं यंत्र आलं. ते शिट्ट्या मारतं, ती काढून ठेवते. निवृत्ती देव झाला नाही, बाबांनो. आजही चिडतो. पण चिडला तरी दोन पावलं जवळ जातो आणि समोर उभा राहून बोलतो.

देवासमोर आपण रोज तेच मागणं मागतो. त्यानं आजवर कधी तोंड फिरवलं?

आता पांडुरंगाचं नाव घेऊन उठा. घरी जाल. खाटेवरून कुणीतरी विचारेल, "काय सांगितलं रे आज बुवांनी?" तुम्ही सांगाल. पुन्हा विचारतील, "काय?"

तेव्हा कंदील समोर धरावा तसं आपलं तोंड उजेडात धरा, आणि पहिल्यापासून सांगा.